सात सुळके

इतकी वर्षं झाली, पण ती हिरवी ज्योत अजून डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा आडातून सांगाडाही वर काढला. पण थक्क होऊन नुसतं बघत राहावं असा प्रसंग एकच आला. तो ठाण्याच्या टेबलावर, भर दुपारी, चहाच्या स्टोव्हवर घडला.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. छापील फॉर्म मात्र जुन्या जिल्ह्याचेच येत. ठाणे अंमलदार जुनं नाव खोडून वर रबरी शिक्का मारायचा, त्यामुळे त्याचा अंगठा कायम निळा असायचा. त्यात दुष्काळाचं दुसरं वर्ष. स्टेशन डायरीत चोऱ्यांपेक्षा टँकरवरच्या मारामाऱ्याच जास्त. मी नवा फौजदार होतो. अंगावरची खाकी कडक आणि डोकं तिच्याहून कडक.

एके सकाळी जळकोटकडच्या एका खेड्यातून पोलीस पाटलाची वर्दी आली. एक म्हातारी झटके येऊन मेली, तोंडाला फेस होता. अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, ‘व्हिसेऱ्याचा अहवाल यायचा तेव्हा येईल, पण वासावरून सांगतो, कीटकनाशक आहे.’

घरात माणसं तीन. म्हातारी, तिचा मुलगा आणि तीन महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली सून. मुलगा आणि सून दिवसभर रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जात, म्हातारी घरी असायची. आदल्या संध्याकाळी सासू-सुनेची पाण्यावरून कुरबुर झाल्याचं शेजारच्या दोघींनी सांगितलं. म्हातारीच्या भावानं फिर्याद दिली. झालं! विष आहे, भांडण आहे, सून आहे. मी खुनाचा गुन्हा दाखल केला आणि दुपारच्या आत तिला अटक करून मोकळा झालो.

जीपमध्ये बसताना तिला चक्कर आली, ती ओकली. मी जमादाराला म्हणालो, ‘सोंग आहे.’ हे वाक्य मी माझ्याच तोंडानं बोललो, म्हणून ते इथं लिहून ठेवतो.

आमच्या ठाण्यात बायकांना ठेवायची सोय नव्हती. तिला सबजेलमध्ये ठेवलं होतं आणि चौकशीला आणताना सोबत एक महिला होमगार्ड असायची. पोरगी विशीची असेल. विचारलं तेवढंच बोलायची.

‘भांडण कशावरून झालं?’

‘आत्याबाई म्हनल्या, डरमातलं पानी जपून काढ. म्या म्हनलं, जपूनच काढून राहिले. एवढंच.’

‘विष कुठून आणलंस?’

‘म्या न्हाई आनलं, साहेब.’

दोन दिवस हेच चाललं. तिचा बाप रोज सकाळी यायचा आणि ठाण्याच्या कंपाउंडमधल्या लिंबाखाली बसायचा. पन्नाशीचा, रापलेला, दोन्ही हातांवरचे केस जळून गेलेले. तो रेणापूर भागातला. लातूरजवळच्या एका कारखान्यात भट्टीवर कामाला होता. त्याची ती एकुलती एक मुलगी, आई नसलेली. मला पाहिलं की उभा राहून हात जोडायचा, बोलायचा काहीच नाही. खरं सांगायचं तर त्याच्या जोडलेल्या हातांचा मला राग यायचा, कारण त्यानं माझा निकाल डळमळायचा.

तो निकाल पहिल्यांदा पुरता हलवला तो आमच्या जमादारानं. निजामाच्या राजवटीत जन्मलेला हा माणूस तंबाखू मळता मळता नेमकं बोलायचा. म्हणाला, ‘साहेब, एक इचारू? दोन वर्सं पेरनी न्हाई. ज्याच्या रानात कापूस न्हाई, त्याच्या घरात फवारनीचं औषद कशाला असंल? अन् दुकानातून घेतलं म्हनावं तर पोरगी खडीवरून घरी अन् घरून खडीवर. दुकान हाय चार कोसावर.’

त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी खबर आपल्या पायांनी चालत आली. टँकरचा ड्रायव्हर, लातूरच्या एका जुन्या मुसलमान घरातला, टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. माझ्याऐवजी जमादाराकडे बघत बोलला.

‘जमादारसाब, त्या म्हातारीच्या घरी पाणी मीच टाकलं होतं. तिच्याकडं नवा निळा डरम होता. पाईप सोडला तर पाणी दुधावानी झालं. जास्ती न्हाई, हलकंच. मला वाटलं साबन राहिलं आसंल.’

‘आणि आज तिसऱ्या दिवशी आठवण झाली होय?’ मी ओरडलो.

‘डर लागला, साब. लोक म्हनतील टँकरमध्येच जहर हाय. मग मला जित्ता सोडतील का?’

ह्यात मी एक गोष्ट शिकलो. साक्षीदार पुष्कळदा खोटं बोलत नाही, तो नुसता वाट बघतो. आपल्या अंगावर काही येत नाही ना, एवढीच वाट.

तासाभरात आम्ही त्या घरी पोचलो. प्लास्टिकचा तो ड्रम ओसरीवर होता, स्वच्छ घासलेला, वर धुतलेलं फडकं बांधलेलं. आणि त्याच्या पोटावर तापलेल्या सळईनं कोरलेली अक्षरं: मुलीचं नाव, जावयाचं नाव, खाली ‘वडिलांकडून सप्रेम भेट’. तांब्याच्या घागरीवर नाव घालतात ना, तसं. मुलीच्या नवऱ्यानं सांगितलं की लग्न ठरलं तेव्हा त्याच्या आईनंच निरोप धाडला होता, ‘भांडीकुंडी नगं, पानी साठवाया काय तरी द्या.’ ड्रमला वेळ लागला, तो लग्नानंतर अडीच महिन्यांनी आला. त्या आधी पाहुण्याकडचा एक मोडका पिंप होता. नवा ड्रम आला तेव्हा म्हातारीनं आळीतल्या बायकांना बोलावून दाखवला, ‘माज्या सुनंच्या म्हायेरानं धाडलाय.’ टँकर यायला पुढं दोन आठवडे गेले. ड्रम पहिल्यांदा भरला तो ती मरायच्या दोन दिवस आधी. घरातले दोघं दिवसभर खडीवरच्या माठातलं पाणी पीत. म्हातारी तेवढी दिवसभर ड्रममधलं प्यायची, आणि सून संध्याकाळी घोटभर.

म्हणजे ती जीपपाशी ओकली, ते सोंग नव्हतं.

मी कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. अक्षरांखालचा आधीचा एक ठोकलेला नंबर खरवडून काढला होता. ड्रम मुद्देमाल म्हणून जप्त केला, पाण्याचा नमुना सील केला आणि लिंबाखालच्या बापाला आत बोलावलं.

‘ड्रम कुठून घेतला?’

‘लातूरच्या बाजारातून, साहेब. भंगारवाल्याकडून.’

‘कोणत्या?’

‘ध्यानात न्हाई.’

‘भट्टीत काय जाळता तुम्ही?’

मी टेबलावर हात आपटला, दरडावलं, पोरीला फाशी होईल असंही म्हणालो. मग तो म्हणाला, ‘डरमात काय बी न्हाई, साहेब. म्या सोता तीन बार धुतलाय. सोड्यानं, मग राखंनं, मग चिंचंनं. वास सुदिक ठिवला न्हाई.’ हे बोलताना त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. मला तीच पंचाईत वाटली. तो खोटं बोलत होता आणि खरंही बोलत होता, आणि कुठलं कुठं संपतं ते मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या कारखान्यात गेलो. मुदत संपलेली कीटकनाशकं आणि कारखान्यांचा विषारी कचरा तिथं जाळून नष्ट करत. भोपाळची घटना ताजी होती, त्यामुळे आसपासची गावं त्या धुराड्याकडे संशयानंच बघायची. त्यात धूर धुवायला लागणारं पाणी टँकरनं येई, म्हणून संशयाच्या जोडीला चीड.

मॅनेजरनं रजिस्टर पुढं केलं. आलेला प्रत्येक ड्रम औषधासकट, न उघडता भट्टीत गेल्याची नोंद, सहीसकट. ‘आमचा एकही ड्रम बाहेर जात नाही, साहेब. शक्यच नाही.’

मग त्यानं मला भट्टी दाखवली. मी वीटभट्ट्या पाहिल्या होत्या, चुन्याच्या भट्ट्या पाहिल्या होत्या. ही आडवी होती. एसटी बसपेक्षा लांब असा लोखंडी पिंप, आतून अग्निविटांचा, एका बाजूला किंचित कललेला, आणि सगळाच्या सगळा स्वतःभोवती फिरत होता. इतका सावकाश, की हलतोय हे कळायला क्षणभर उभं राहावं लागे. मॅनेजरनं मला काळी काच देऊन झरोक्यातून आत बघायला सांगितलं. आत जाळ नव्हताच, नुसता उजेड होता, पांढरा. जळणारा कचरा भिंतीबरोबर वर चढायचा आणि घरंगळून पुन्हा खाली यायचा. एक ड्रम आत सरकला. क्षणभर तो तसाच दिसला, आकारासकट. मग धप्प असा आवाज पोटात जाणवला आणि ड्रम नाहीसा झाला. मी काचेपासून मागे झालो. गणवेशातला माणूस घाबरला हे कुणाला दिसू नये म्हणून उगीच टोपी नीट केली.

‘हे कुणी बांधलं?’ मी विचारलं.

‘नांदेडच्या सरांनी.’

सर म्हणजे नांदेडच्या एका कॉलेजातले रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. बारीक अंगाचे, जाड चष्म्याचे. गोदावरीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत त्यांच्या घरामागे पत्र्याची शेड होती. शेडमध्ये एक नळी, माझ्या हाताएवढी लांब, सायकलच्या चेनवर फिरणारी. तीच ती भट्टी, पण खेळण्याएवढी. सर म्हणाले, ‘सहा वर्षं ह्या नळीपाशी बसलो मी. कागदाच्या पुड्या करून टाकायचो. पुडी टाकली की आतला दाब उसळतो, पेन वर जातं. हे बघा.’

भिंतीवर कागदाच्या पट्ट्या टांगलेल्या होत्या. निळ्या शाईची सरळ रेघ आणि मधे मधे सुळके.

‘मग मोठी भट्टी बांधायची म्हणजे ह्याच्या शंभर पट करायचं, एवढंच ना?’ मी विचारलं.

ते हसले. ‘चार माणसांच्या वरणाला चिमूटभर हिंग लागतो म्हणून चारशेच्या पंगतीला तुम्ही शंभर चिमटी टाकाल का? आचारी तुम्हाला हाकलून देईल. पुडी बाहेरून जळत जळत आत जाते, ड्रम मात्र एकदम फुटतो. भट्टी शंभर पट आणि उसळी हजार पट, असं व्हायला लागलं तर धूर न जळताच बाहेर. म्हणून मी पुडीवरून डब्यावर गेलो, डब्यावरून बादलीवर, बादलीवरून ड्रमवर. दर पायरीला वर्ष गेलं. ड्रम उघडून ओतू द्यायचा नाही, कामगाराच्या नाकात जातं, म्हणून अख्खा ड्रम. एकामागून एक नाही, पाव तासाला एकच, आणि प्रत्येक ड्रमची उसळी कागदावर.’

मी खुर्चीतून पुढं वाकलो. ‘प्रत्येक ड्रमची?’

‘प्रत्येक. दर आठवड्याला गुंडाळ्या माझ्याकडे येतात. अजून सवडीनं बघायच्या राहिल्यात.’

आम्ही जमिनीवर बसून त्या गुंडाळ्या उलगडल्या, मी, सर आणि जमादार. एका बाजूला रजिस्टरची नक्कल, दुसऱ्या बाजूला कागद. सर बोट फिरवत जात होते: ड्रम, ड्रम, ड्रम. एका ठिकाणी बोट थांबलं. तिथं सुळका नव्हता. एक बुटकी, पसरट टेकडी होती.

सर चष्मा काढून म्हणाले, ‘हा ड्रम नाही. हे पोतं आहे. कुणीतरी औषध लाकडाच्या भुशात जिरवून पोत्यानं आत टाकलंय. भुसा सावकाश जळतो, म्हणून ही टेकडी.’

‘आणि ड्रम?’

‘ड्रम बाहेर राहिला.’

संध्याकाळपर्यंत अशा सात टेकड्या सापडल्या. साती एकाच माणसाच्या पाळीत. जमादार, जो मुंबईच्या साहेबांपुढंही कधी चपापला नाही, त्यानं त्या कागदाला हात जोडले. मी हसलो नाही. दोन महिन्यांपूर्वी बंद भट्टीच्या पोटात काय घडलं ते एक निळी रेघ आम्हाला बसल्या जागी सांगत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर आमच्याबरोबर ठाण्यात आले. बापाला समोर बसवलं. मी त्याला गुंडाळी दाखवली, सात टेकड्या दाखवल्या. त्यानं मान खाली घातली, पण ताठाही सोडला नाही.

‘घेतले, साहेब. चोरी झाली. सजा द्या. आमच्या गावात बाया भातुकलीएवढ्या भांड्यात पानी साठवून राहिल्या होत्या अन् हिकडं म्या रोज नवे कोरे डरम जाळून राहिलो होतो. बघवंना. पर इख न्हाई दिलं कुनाला. तीन बार धुतलं म्या. माज्या पोरीनं बी इख न्हाई दिलं.’

सर उठले. त्यांनी मुद्देमालातल्या ड्रमच्या काठाचा नखाएवढा तुकडा पंचांसमोर कापून घेतला. पिशवीतून कोऱ्या ड्रमचा तसाच एक तुकडा काढला. मग जमादाराला म्हणाले, ‘स्टोव्ह पेटवा.’

चहाचा स्टोव्ह टेबलावर आला. सरांनी तांब्याची तार जाळात लाल केली, ती कोऱ्या तुकड्याला टेकवली आणि पुन्हा जाळात धरली. पिवळी ज्योत आली, दुसरं काही नाही. मग तार साफ करून, पुन्हा लाल करून त्यांनी ती धुतलेल्या तुकड्याला टेकवली.

ज्योत हिरवी झाली. राव्याच्या पंखासारखी, लखलखीत हिरवी. अंमलदार शिक्का हातात धरून तसाच उभा राहिला. कोठडीतले दोन भुरटे गजांना चिकटले.

सर अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘बाबा, हा हिरवा रंग औषधातल्या क्लोरीनचा. प्लास्टिक औषध पितं. तुम्ही वरून धुतलंत, पण ते आत मुरलेलं असतं. पाणी साठलं की सावकाश बाहेर येतं. तुम्ही कितीही धुवा.’

तो माणूस त्या हिरव्या ज्योतीकडे बघत राहिला. आयुष्यभर आगीपाशी उभा राहिलेला माणूस. आग खोटं बोलत नाही हे त्याला आमच्याहून जास्त ठाऊक होतं. मग त्यानं आपले दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि म्हणाला, ‘म्हंजी इहीनबाईला म्याच मारलं.’

आणि लगेच, माझ्या बाहीला धरून: ‘साहेब, आमच्या गावात बाकीचे सा डरम हायेत, आठ दिस झाले वाटून. त्यानंतरचा पयला टँकर आजच येनार हाय. उठा, साहेब. म्या घरं दावतो.’

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही हे शिकाऊ फौजदारालाही माहीत असतं. पण आरोपीनं दाखवून दिलेली वस्तू टिकते. पंच घेतले, जीप काढली. वाटेत तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, ‘जोरात घ्या.’

आम्ही पोचलो तेव्हा टँकर नुकताच येऊन गेला होता. चार ड्रम काठोकाठ भरलेले. लेक जन्मली तेव्हापासून जे घर त्याला मामा म्हणत होतं, त्या घराच्या दारात उभा राहून तो ओरडला, ‘वता! समदं वता! प्यालात का कुनी?’ कुणी अजून प्यायलं नव्हतं. दहा दिवसांनी आलेलं पाणी आम्ही तापलेल्या मातीवर ओतलं. बायका किंचाळल्या, एकीनं माझ्या बुटावर ओंजळ धरून पाणी अडवायचा प्रयत्न केला. खाकीत असूनही मला त्या दिवशी रडू आलं, आणि ते लपवायचंही सुचलं नाही. उरलेले दोन ड्रम एका लग्नघरात मांडवाच्या कोपऱ्यात, धुऊन उलटे वाळत घातलेले मिळाले. पंगतीच्या पाण्यासाठी.

त्या मुलीवरचा खुनाचा गुन्हा मागे घेण्याचा अहवाल मी स्वतःच्या हातानं लिहिला. सबजेलच्या दारात तिनं पहिला प्रश्न विचारला, ‘आबा कुठं हाय?’ ‘आत,’ मी म्हणालो. ज्या दारातून ती बाहेर आली त्याच दारातून तो आत गेला होता. मी तिला विचारलं, पाणी दुधाळ दिसत होतं हे तू का नाही बोललीस? ती म्हणाली, ‘म्हायेरची वस्तू हुती, साहेब. नाव कसं ठिवू?’

बापाला चोरी आणि हयगयीनं मृत्यूला कारण झाल्याबद्दल शिक्षा झाली. त्यानं वकील नाकारला होता.

मला ह्या प्रकरणानं काय शिकवलं, असं विचारतात. नांदेडला परत जाताना सरच जे बोलले होते ते सांगतो. ते म्हणाले, ‘मी भट्टीचा सगळा हिशेब केला. हवा, दाब, विटा, उसळी. पण नळीत पुडी टाकणारा मीच होतो, आणि मला तहान लागलेली नव्हती. मोठ्या भट्टीवर माणूस बदलला, त्याच्यामागचं गाव बदललं. ते माझ्या प्रयोगात कुठंच नव्हतं.’ मीही तोवर दोन-चार घरगुती भांडणांच्या अनुभवावर खुनाचा निकाल लावत होतो. पुडी जळताना बघितली आणि ड्रम कळला असं समजलो. त्यानंतरच्या नोकरीत, सगळं फार लवकर जुळून आलं की मी खुर्चीतून उठून एक फेरी मारायचो.

एक शेवटचं राहिलं. निकालानंतर मुद्देमाल नष्ट करण्याचा आदेश झाला. साती ड्रम त्याच भट्टीत, पंचांसमक्ष. कायद्यानं गरज नव्हती, पण मी त्या मुलीला कळवलं आणि ती आली. बाप अजून तुरुंगातच होता. ड्रम एकेक करून आत गेले, पाव तासाला एक, आणि सर पेनापाशी उभे राहिले. सहा सुळके उठले. सातवा ड्रम नावांचा. आत ढकलण्याआधी तिनं त्या कोरलेल्या अक्षरांवर हात ठेवला. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठलं अक्षर आबाचं हे तिला माहीत होतं.

धप्प आवाज झाला. पेन वर गेलं आणि खाली आलं.

ती पुढं झाली. ‘ह्यातला माजा कंचा?’

सरांनी शेवटच्या सुळक्यावर बोट ठेवलं. रिकामा ड्रम, त्यामुळे सुळका बेताचाच होता, करंगळीच्या पेराएवढा. तिनं तो बराच वेळ निरखला.

‘एवढासाच?’ ती म्हणाली.

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी पंचनाम्यावर सही केली.